‘वोल्फ’चा कप्तान आणि मुंबईसमोरचे पाणसुरुंग

पहिल्या महायुद्धात हिंदी महासागरात शिरलेल्या जर्मन युद्धनौकांपैकी ‘एम्डेन’चे नाव भारतात सर्वतोमुखी झाले आणि सप्टेंबर 1914 मध्ये तिने मद्रासच्या तेलटाक्यांवर केलेल्या तोफमाऱ्यामुळे तिचा कप्तान कार्ल फॉन म्युलर हा शत्रूच्या वृत्तपत्रांतही गाजला. त्या मानाने ‘वोल्फ’चा कप्तान कार्ल आउगुस्ट नेर्गर अपरिचितच राहिला. एम्डेनची मोहीम जेमतेम तीन महिने चालली, तर वोल्फ 451 दिवस कोणत्याही बंदराचा आसरा न घेता समुद्रावर राहिले. परंतु नेर्गरच्या युद्धपद्धतीचा पायाच मुळी अज्ञात राहण्यावर उभा असल्यामुळे त्याची कीर्ती मागे पडली, यात नवल नाही.

1875 मध्ये रोस्टॉक येथे जन्मलेला नेर्गर ऑगस्ट 1914 मधील हेल्गोलँडच्या लढाईत ‘श्टेटिन’ या हलक्या क्रूझरवर अधिपती होता. 1916 मध्ये त्याच्या हाती आलेले वोल्फ मात्र जन्माने युद्धनौका नव्हते. ते ‘वाख्टफेल्स’ नावाचे, ब्रेमेनच्या हान्सा कंपनीचे मालवाहू जहाज होते आणि या कंपनीची जहाजे युद्धापूर्वी भारताच्या व्यापारमार्गांवर नित्य ये-जा करीत असत. अशा व्यापारी जहाजावर तोफा चढवून त्याला सहायक क्रूझर बनवण्याची प्रथा तेव्हा रूढ होती. वोल्फचा वेग ताशी सुमारे 11 सागरी मैलांचा, म्हणजे पाठलागावर आलेल्या कोणत्याही ब्रिटिश क्रूझरपेक्षा पुष्कळच कमी असल्याने, त्याला वेशांतराखेरीज दुसरे संरक्षण नव्हते. त्यासाठी तोफा आडपडद्यामागे दडवल्या होत्या, धुराडे व डोलकाठ्या कमीजास्त उंचीच्या करता येत होत्या आणि बिनतारी यंत्रावर फक्त शत्रूचे संदेश ऐकले जात होते.

30 नोव्हेंबर 1916 रोजी कील बंदर सोडून, ब्रिटिश नाकेबंदी चुकवून नेर्गर आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडे उतरला आणि केपच्या परिसरात त्याने पाणसुरुंग पेरण्यास आरंभ केला. फेब्रुवारी 1917 मध्ये त्याने कोलंबोसमोर, व त्यानंतर काही दिवसांतच मुंबईच्या प्रवेशमार्गावर, रात्रीच्या अंधारात सुरुंग सोडले. हा सुरुंग तळाशी टेकलेल्या नांगराला तारेने बांधलेला असून पृष्ठभागाखाली काही अंतरावर तरंगत राहतो. त्याच्या अंगावरील शिंगासारख्या टोकाला जहाजाचा धक्का लागला की आतील काचेची नळी फुटते, तिच्यातील द्रव विद्युतघटाला चालना देतो आणि स्फोट होतो.

कोलंबोसमोर त्याच महिन्यात दोन जहाजे बुडाली. मुंबईचे सुरुंग मात्र चार महिने निपचित राहिले आणि ऐन पावसाळ्याच्या तोंडावर, जूनमध्ये, लागोपाठ बळी घेऊ लागले. त्यांपैकी सर्वांत मोठा आघात 23 जून 1917 रोजी पी अँड ओ कंपनीच्या ‘मंगोलिया’ या प्रवासी जहाजावर झाला. मुंबईच्या दक्षिणेला ते बुडाले व वीसहून अधिक माणसे दगावली. ज्या कंपनीच्या जहाजांवर कोकणी खलाशी आणि गोव्याचे खानसामे मोठ्या संख्येने काम करीत, तिच्यावरचा हा घाव होता. त्या वेळी वोल्फ न्यूझीलंडच्या परिसरात पोहोचले होते.

त्याच महिन्यात, केर्माडेक बेटांजवळ, ‘व्होल्फशेन’ नावाच्या वोल्फवरील लहान सागरी विमानाने ‘वैरुना’ या जहाजावरून घिरट्या घालून बिनतारी यंत्र न वापरण्याचा हुकूम लिहिलेली चिठ्ठी टाकली आणि नाळेपुढे एक बॉम्ब टाकून त्या हुकमाला वजन दिले. जहाज बिनविरोध शरण आले. पकडलेल्या जहाजांचा कोळसा आणि अन्न यांवरच मोहीम चाले, आणि खलाशी व प्रवाशांना आपल्या जहाजावर घेतल्यावरच सामान्यतः शिकार बुडवली जाई. मालदीव बेटांजवळ सप्टेंबरमध्ये ‘हिताची मारू’ने प्रतिकाराचा प्रयत्न केला तेव्हा मात्र गोळीबारात अनेक जपानी खलाशी मारले गेले.

अखेरीस स्कर्व्ही या रोगाने ग्रासलेले खलाशी आणि शेकडो कैदी घेऊन 24 फेब्रुवारी 1918 रोजी वोल्फ कीलला परतले. पकडलेली व सुरुंगांनी बुडालेली मिळून सुमारे 27 जहाजे त्याच्या नावावर जमा झाली आणि नेर्गरला ‘पूर ल मेरीत’ हे प्रशियाचे सर्वोच्च लष्करी पदक मिळाले. पुढे तो सीमेन्सच्या कारखान्यांच्या सुरक्षेचे काम पाहत असे. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत अधिकाऱ्यांनी त्याला अटक केली आणि 1947 मध्ये साक्सेनहाउझेनच्या छावणीत त्याचा मृत्यू झाला.

नेर्गरच्या कारकिर्दीचे मूल्यमापन करताना कैद्यांना दिलेल्या वागणुकीचा दाखला बहुधा पुढे केला जातो, आणि तो खोटा नाही. तथापि जे जहाज त्याच्या समोर येई तेथे निवड करण्याचा अधिकार त्याच्या हाती राही, तर सुरुंग पेरताच तो अधिकार त्याने सोडून दिलेला असे; मंगोलियावरील प्रवासी शरण येण्याच्या स्थितीतच नव्हते. म्हणून त्याच्या सौजन्याचा हिशेब पकडलेल्या जहाजांवरून मांडला, तरी त्याच्या युद्धाचा हिशेब मुंबई आणि कोलंबोसमोरच्या पाण्यातच मांडावा लागतो.