शरणपूरचे वाटकरी

चैत्रांत नाशिकहून दिंडोरीमार्गें वणीच्या सप्तशृंगीकडे पायीं जाणाऱ्या यात्रेकरूंची रांग ज्यांनीं पाहिली आहे, त्यांस चालणें हीहि एक उपासना आहे हें निराळें सांगावयास नको. नाशिकजवळच्या टाकळीस समर्थ रामदास रोज बाराशें नमस्कार घालीत अशी परंपरा आहे. देह झिजवून परमार्थ साधण्याची ही कल्पना ख्रिस्ती धर्मांतहि फार जुनी असून, तिचा एक धागा याच नाशिकांतून आफ्रिकेपर्यंत गेलेला आहे. श्रोतेहो, आज त्याची हकीकत सांगावयाची आहे.

ग्रीक भाषेंत ‘आस्केसिस’ म्हणजे मल्लाचा सराव; पुढें तोच शब्द ख्रिस्ती यतींच्या व्रतस्थ जीवनास लागला. संत पौलानें करिंथकरांस लिहितांना शर्यतीचा व मुष्टियुद्धाचा दाखला घेतला, कारण इस्थमियाचे सामने करिंथजवळच भरत. लोयोलाच्या इग्नेशियसनें तर आपल्या साधनाग्रंथास ‘आध्यात्मिक व्यायाम’ हेंच नांव दिलें. एकोणिसाव्या शतकांत किंग्स्ली, ह्यूज प्रभृति इंग्रज लेखकांनीं क्रीडांगणाला धर्मशिक्षणाची शाळा ठरविलें. मला त्यांतला पुष्कळसा भाग पोरकट वाटतो. खेळून दमलेला मुलगा अखेर घरीं जाऊन पोटभर जेवतो.

शरणपूरच्या मुलांची गोष्ट निराळी होती. १८५४ च्या सुमारास चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम सॉल्टर प्राइस यांनीं नाशिकजवळ हें ख्रिस्ती गांव वसविलें. हिंदी महासागरांत इंग्रज आरमार गुलामांचीं गलबतें पकडी; सुटलेलीं आफ्रिकी मुलें मुंबईस उतरत, व त्यांतील पुष्कळशीं येथें धाडलीं जात. सुतारकाम, लोहारकाम, लिहिणें-वाचणें आणि प्रार्थना असा येथील शिक्षणक्रम. ज्या देहावर कालपर्यंत दुसऱ्याची मालकी होती, तो आपला म्हणून राबविण्यास तीं मुलें शिकत होतीं. परंतु शिस्त मात्र मिशननेंच ठरविलेली.

१८६५ सालीं डॉ. लिव्हिंग्स्टन नाशिकास आले आणि त्यांनीं आपल्या अखेरच्या प्रवासासाठीं येथून नऊ तरुण नेले. तो प्रयोग फसला. हे लोक आळशी आहेत, मागें रेंगाळतात, अशा तक्रारी त्यांच्या रोजनिशींत आहेत. शाळेंतली कवायत रानांतल्या वाटेवर आपोआप उतरत नाहीं! १८७२ सालीं मात्र दुसरी तुकडी गेली. तींत जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, कारस फरार हे शरणपूरचेच विद्यार्थी होते.

१ मे १८७३ च्या सुमारास, आजच्या झांबियांतील चितांबोच्या गांवीं, लिव्हिंग्स्टन निवर्तले. सहकाऱ्यांनीं त्यांचें हृदय झाडाखालीं पुरलें. जेकबानें प्रार्थना वाचली व झाडावर लेख कोरला. देह मिठानें व उन्हानें सुकवून, झाडाच्या सालींत गुंडाळून, ते समुद्राकडे निघाले. वाट हजार मैलांहून अधिक. म्हणजे दिंडोरी ते नाशिक साठांहून अधिक वेळां चालावें, आणि तेंहि खांद्यावर प्रेत घेऊन. आरंभींच आजारानें तांडा खोळंबला. उन्यान्येंबे येथें भेटलेल्या लेफ्टनंट कॅमेरॉननें, येथेंच पुरा, असा सल्ला दिला. तो त्यांनीं मानला नाहीं. पुढें प्रेत नेऊं न देणारे लोक आडवे आले, तेव्हां खोटी अंत्ययात्रा माघारीं पाठवून त्यांनीं देह कापडाच्या गांठोड्यासारखा बांधला. फेब्रुवारी १८७४ मध्यें ते बागामोयोस पोंचले.

हा सारा ख्रिस्ती शिस्तीचा विजय, असें लिहिण्याचा मोह पुष्कळांस झाला. परंतु तांड्याचा एक म्होरक्या सुसी हा त्या वेळीं ख्रिस्ती नव्हता; त्याचा बाप्तिस्मा १८८६ सालचा. दुसरा म्होरक्या चुमा मुंबईच्या मिशनशाळेंत शिकलेला. बाकीचे बहुतेक पगारी हमाल. शरणपूरनें या प्रवासास शब्द दिले, प्रार्थना दिली, रोजनिशी लिहिणारा हात दिला. पाय सर्वांचेच होते. एवढें म्हणणें मला न्याय्य वाटतें.

१८ एप्रिल १८७४ रोजीं वेस्टमिन्स्टर ॲबेमध्यें दफन झालें, तेव्हां त्या वाटकऱ्यांपैकीं एकटा जेकब हजर होता. सुसी आणि चुमा इंग्लंडास पोंचले ते त्यानंतर. प्राइससाहेब मोंबासाजवळ फ्रीअर टाउन वसविण्यास गेले, व शरणपूरचे बरेच आफ्रिकी रहिवासी तिकडे स्थायिक झाले. जेकब १८९२ सालीं वारला. मॅथ्यू वेलिंग्टन मात्र १९३५ पर्यंत जगला.