साथीविना सॅक्सोफोन

लोणारात सॅक्सोफोन ऐकू येतो तो लग्नाच्या वरातीत, बँडच्या गलक्यात. हे वाद्य घेऊन एक माणूस तासभर एकट्याने मैफल करतो, असे सांगितले की ऐकणारा माझ्याकडे जरा संशयाने बघतो.

अशा वादनाची परंपरा मात्र जुनी आहे. कोलमन हॉकिन्सचा ‘पिकासो’ 1948चा. अँथनी ब्रॅक्स्टनचा ‘फॉर आल्टो’ हा दोन रेकॉर्डींचा संच 1971 साली निघाला आणि नवप्रयोगी जॅझमध्ये एकलवादनाची वाट रुळली. मला ओढ आहे ती सॉनी रॉलिन्सची, कारण त्याचा धागा मुंबईत गुंतला आहे. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात तो पवईला स्वामी चिन्मयानंदांच्या आश्रमात राहिला होता. 1978च्या पहिल्या जॅझ यात्रेत तो मुंबईत वाजवूनही गेला. पुढे 19 जुलै 1985 रोजी न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या शिल्पबागेत तो एकटाच उभा राहिला. ना पियानो, ना ड्रम. ‘द सोलो अल्बम’ म्हणजे तीच मैफल.

हे एकटेपण पवईने दिले, असे म्हणण्याचा मोह आपल्याला हमखास होतो. (आपल्याकडे कोणी आला की तो काहीतरी घेऊनच जातो, ही आपली लाडकी समजूत!) सनावळी मात्र आड येते. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून रॉलिन्स विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन एकटा रियाझ करी, तो काळ 1959 ते 1961चा. ‘बॉडी अँड सोल’ त्याने साथीविना वाजवले तेही 1958 मध्ये.

मग पवईचे काय? ध्यान जमत नाही अशी तक्रार केल्यावर, तुझे वाजवणे हेच तुझे ध्यान, असे स्वामींनी सांगितल्याचे रॉलिन्स मुलाखतींत सांगतो. मला महत्त्वाचे वाटते ते हे. रियाझ दाराआड आणि मैफल लोकांपुढे, ही आपली रीत. या अल्बममध्ये ते दार उघडे आहे: ओळखीच्या धुनांचे तुकडे येतात, पलटे घोटले जातात, एखादी जागा अर्ध्यावर सुटते. रागासारखी चढण शोधणाऱ्याला कंटाळा येईल. पुलावरचा रियाझ चोवीस वर्षांनी श्रोत्यांसमोर आला, असे समजून ही रेकॉर्ड ऐकावी.