‘रंगणे’ म्हणजे लाल होणे?

आषाढ लागला की सोलापूरच्या पूर्व भागातल्या आमच्या वाड्यात, शेजारच्या पद्मशाली घरी, पाट्यावर मेंदीचा पाला वाटला जाई. सकाळी हात धुतल्यावर अक्का लेकीचा तळवा बघून तेलुगूत म्हणत, ‘पंडिंदी’, म्हणजे पिकली. नागपंचमीला आमच्या घरी मेंदी लागली की आई म्हणे, ‘रंगली.’ लाली एकच, क्रियापदे दोन. तेलुगूने ते फळाकडून घेतले. मराठीने कुठून घेतले?

‘रंगणे’ला एक खोड आहे. भिंत रंगवली म्हटले, की ‘कोणत्या रंगाने?’ असे कोणीतरी विचारतेच. मेंदी रंगली, विडा रंगला, ओठ रंगले, इथे हा प्रश्न येत नाही, रंग लालच. पान हिरवे, चुना पांढरा, कात तपकिरी. लाल त्यात कुठेच नसतो, चावल्यावर उतरतो. उलट रडून लाल झालेले डोळे रंगत नाहीत, ते तांबारतात. तांबारण्यात नुसता वर्ण आहे, मुरणे नाही.

‘रंगणे’च्या मुळाशी संस्कृत रञ्ज् हा धातू आहे. रक्त, आरक्त, अनुराग ही त्याचीच प्रजा. संस्कृतात राग म्हणजे रंग, लाली आणि प्रेमही. आपण मराठी माणसांनी मात्र त्याचा संताप केला! या सगळ्या लालीवरून काही वर्षांपूर्वी एका व्याख्यानात मी ठणकावून सांगितले होते, की रञ्ज् म्हणजे मुळात ‘लाल होणे’, ‘रंगवणे’ हा अर्थ नंतरचा. ते विधान आज मी मागे घेतो.

कारण पाणिनी. अष्टाध्यायीच्या चौथ्या अध्यायाचा दुसरा पाद सुरूच होतो तो रंगवलेल्या वस्तूंच्या नावांपासून, आणि तिथे ‘रक्त’ म्हणजे ‘रंगवलेले’. पुढच्याच सूत्रात लाक्षा आणि रोचना शेजारी बसल्या आहेत. लाक्षा म्हणजे लाख, ती लाल, रोचना पिवळी. म्हणजे पिवळे वस्त्रही पाणिनीच्या लेखी ‘रक्त’च! ग्रीकमधले ‘रेझो’ हे क्रियापद याच कुळातले मानतात; त्याचाही अर्थ रंगवणे. तेव्हा रंगाऱ्याचे काम आधीचे, लाली मागाहूनची.

मग या शब्दाला लालच का चिकटला? मला वाटते, याचे उत्तर कोशापेक्षा रंगाऱ्याच्या हंड्यात आहे. हळदीचा पिवळा उन्हात उडतो. निळीचा घासला की हाताला लागतो. आल आणि मंजिष्ठ यांच्या मुळ्यांचा लाल मात्र तुरटी दिलेल्या सुतात मुरतो आणि धुण्याला दाद देत नाही. रंगणे म्हणजे रंग मुरणे धरले, तर खरा रंगणारा तोच. १८६८ साली जर्मनीत मंजिष्ठेच्या युरोपीय भावंडातला अलिझरीन हा रंग कृत्रिमरीत्या तयार झाला आणि पुढे इकडची आलीची शेती मोडली. क्रियापद तेवढे मागे राहिले.

एक गोष्ट लक्षात यायला मला उशीर झाला. सोलापुरात चादर घेताना आजही गिऱ्हाईक पहिल्यांदा विचारते, ‘रंग पक्का आहे ना?’ पक्का म्हणजे पक्व, पिकलेला. अक्कांचे ‘पंडिंदी’ आमच्याही तोंडी होते.