वादविवाद आणि सहविचार

आपल्या देशांत विचार करण्याची जी एक जुनी व काटेकोर शिस्त होऊन गेली ती वादाची होय. गौतमाच्या न्यायसूत्रांत कथेचे, म्हणजे चर्चेचे, तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य शोधण्यासाठीं चालतो तो वाद, जिंकण्यासाठीं चालतो तो जल्प, आणि स्वतःची बाजूच न मांडतां दुसऱ्याची बाजू मोडण्यासाठीं चालते ती वितंडा. छलाचे ३ प्रकार, जातीचे म्हणजे फसव्या उत्तरांचे २४, आणि पराभवाचीं स्थानें २२, अशी गणतीही तेथें केलेली आहे. माणूस किती वाटांनीं हरूं शकतो याचा एवढा बारीक हिशेब ठेवणाऱ्या शास्त्राविषयीं कोणालाही आदरच वाटेल. तथापि दोन पक्षांपैकीं कोणता टिकतो एवढेंच वाद सांगूं शकतो. जो तिसरा पक्ष अद्याप कोणाच्याच मनांत उगवलेला नाहीं तो कोठून आणावयाचा, हें त्याच्या कक्षेंतलें काम नव्हे.

हीच तक्रार पाश्चात्त्य जगांतही झाली. माल्टा बेटांत १९३३ सालीं जन्मलेले डॉक्टर एडवर्ड डि बोनो यांनीं सॉक्रेटीस, प्लेटो व ॲरिस्टॉटल यांच्यापासून चालत आलेली खंडनमंडनाची रीत अपुरी ठरविली आणि १९८५ सालीं सहा टोप्यांची एक युक्ति पुढें मांडली. सभेंतील सर्वांनीं एका वेळीं एकाच रंगाची टोपी घातली आहे असें समजावयाचें. पांढरी असतां केवळ माहिती सांगावी, तांबडी असतां भावना, काळी असतां धोके, पिवळी असतां लाभ, हिरवी असतां नव्या कल्पना. निळी टोपी चर्चेची व्यवस्था पाहते. टोप्यांचे रंग थोडे पोरकट वाटतात हें मी नाकारीत नाहीं. पण ज्याचा स्वभावच दोष काढण्याचा, त्यालाही घटकाभर लाभ शोधावे लागतात, आणि समोरासमोर ठाकलेलीं माणसें एका दिशेला तोंड करून बसतात.

श्रोतेहो, टोप्या परदेशांतल्या असतील; परंतु वाद सोडून विचार पुढें कसा न्यावा हा प्रश्न आपल्या रायगड जिल्ह्यांतील दोन पुरुषांना फार पूर्वींच पडला होता. एक पेण तालुक्यांतला, दुसरा शेजारच्या रोह्याचा.

पेण तालुक्यांतील गागोदें या गांवीं ११ सप्टेंबर १८९५ रोजीं विनायक नरहरि भावे, म्हणजे आपले विनोबा, जन्मास आले. संस्कृतांत पारंगत, गणिताचे वेडे, असा हा पुरुष वादांत कोणालाही भारी गेला असता. १९५१ सालीं ते तेलंगणांत पायीं फिरत होते. जमीन कोणाची हा वाद त्या प्रांतीं शब्दांवरून शस्त्रांवर गेला होता; जमीनदार कायद्याचा आधार सांगत होते, भूमिहीन भुकेचा. १८ एप्रिल रोजीं पोचमपल्ली येथें भूमिहीन दलितांनीं विनोबांकडे ८० एकर जमीन मागितली. कोणाचा पक्ष खरा याचा निकाल देण्याच्या भरीस ते पडले नाहींत. त्यांनीं समोर बसलेल्या गांवालाच विचारलें, कीं तुमच्यांतील कोणी ही गरज भागवूं शकेल काय? आणि रामचंद्र रेड्डी यांनीं उठून १०० एकर देऊं केले. जो प्रश्न आजवर ‘कोणाचा हक्क’ असा होता तो ‘कोण देतो’ असा झाला.

पुढें ग्रामदानांत त्यांनीं याच वृत्तीला नियमाचें रूप दिलें : गांवाचे निर्णय बहुमतानें नव्हे, सर्वांच्या संमतीनें व्हावे. बहुमताच्या सभेंत ५१ जणांना उरलेल्या ४९ जणांचें म्हणणें समजून घेण्याचें कारणच उरत नाहीं. सर्वसंमतीची अट घातली म्हणजे विरोधकाला हरवून भागत नाहीं, त्यालाही पटेल अशी तिसरी वाट हुडकावी लागते.

परंतु या कथेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. भूदानांत मिळालेली जमीन ४० लाख एकरांच्या वर गेली खरी, पण उद्दिष्ट होतें ५ कोटींचें. आणि जें मिळालें त्यांतही बरेंचसें नापीक, कज्जांत गुंतलेलें, किंवा कधींच वांटलें न गेलेलें. येथें उणीव पडली ती, माझ्या मतें, वादाचीच. ‘ही जमीन खरोखर तुमची काय? तींत पिकतें काय?’ असें उलटून विचारणारा एखादा खडूस नैयायिक प्रत्येक दानपत्रापाशीं बसावयास हवा होता.

रोह्याचे पुरुष म्हणजे पांडुरंगशास्त्री आठवले. जन्म १९ ऑक्टोबर १९२०, शिक्षण पारंपरिक शास्त्राध्ययनाचें. १९५४ सालीं जपानांतील तत्त्वज्ञपरिषदेंत त्यांनीं गीतेचा पक्ष मांडला, तेव्हां या विचारानें जगणारा एखादा समाज दाखवाल काय, असें त्यांना विचारण्यांत आलें, असें त्यांचे चरित्रकार सांगतात. या प्रश्नापुढें प्रमाणें आणि दृष्टांत लुळे पडतात. शास्त्रीबोवा मायदेशीं परतले व प्रयोगांना लागले. त्यांच्या योगेश्वर कृषींत गांवचे स्वाध्यायी एक शेत पाळीपाळीनें कसतात. पीक राबणाऱ्याचें नाहीं, मालकाचेंही नाहीं, देवाचें, आणि गरजूला तें प्रसाद म्हणून पोंचतें. कोळ्यांसाठीं ‘मत्स्यगंधा’ नौका याच धर्तीवर निघाल्या. मालक व मजूर यांचा तंटा तेथें सुटला नाहीं, तो उद्भवूं नये अशी मांडणीच झाली. १९९६ सालीं मॅगसेसे व १९९७ सालीं टेंपल्टन पारितोषिक त्यांना मिळालें. मात्र जेथें एकमत भक्तीच्या पोटीं जन्मतें तेथें शंका काढणाऱ्याला कोणतें आसन द्यावयाचें, हा प्रश्न मला राहून राहून पडतो.

शंकेला आणि संमतीला वेगवेगळीं आसनें देण्याचें काम कोंकणापासून दूर, विनोबांच्या विचारांतूनच प्रेरणा घेतलेल्या एका गोंड गांवानें केलें. गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा (लेखा) येथें देवाजी तोफा व मोहन हिराबाई हिरालाल यांच्या पुढाकारानें दोन बैठकी रूढ झाल्या. अभ्यासमंडळांत कोणीही यावें, बाहेरचा जाणकारही चालेल, हवा तेवढा खल करावा. पण तेथें निर्णय होत नाहीं. निर्णय ग्रामसभेंत, आणि तोही सर्वांना पटला तरच. न पटल्यास विषय पुढें ढकलावयाचा.

या सवयीचा उपयोग बांबूच्या प्रकरणीं दिसला. १९२७ च्या वनकायद्यानें बांबूला झाडांत घातलें होतें, २००६ च्या वनाधिकार कायद्यानें गौण वनोपजांत. गांवानें दोन्ही कायदे अभ्यासले. २००९ सालीं सुमारें १,८०० हेक्टर वनावर त्याला सामूहिक हक्क मिळाला, तरी बांबू विकण्याचा परवाना कोणी द्यावयाचा हा तंटा पुढें चाललाच होता. २७ एप्रिल २०११ रोजीं तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश गांवांत आले आणि वाहतूकपरवान्यांचें पुस्तक ग्रामसभेच्या हातीं देण्यांत आलें. पुढें २०१३ सालीं याच गांवानें, महाराष्ट्राच्या १९६४ च्या ग्रामदान कायद्याखालीं, आपल्या शेतजमिनी ग्रामसभेच्या नांवें करण्याचें ठरविलें. विनोबांना जाऊन तेव्हां ३० वर्षें उलटलीं होतीं.