बुद्रुक आणि खुर्द : धाराशिव जिल्ह्यातील गावनावांमधली तुलना

धाराशिव जिल्ह्याच्या महसुली दफ्तरात एकाच नावाची दोन गावे शेजारी शेजारी नोंदलेली अनेक ठिकाणी आढळतात, आणि त्यांच्यातला भेद नावापुढच्या एका आखूड खुणेने दाखवलेला असतो. तुळजापूर तालुक्यात आरळी बुद्रुक आणि आरळी खुर्द, तीर्थ बुद्रुक आणि तीर्थ खुर्द अशा जोड्या आहेत; सातबाऱ्याच्या उताऱ्यावर त्यांची ओळख ‘बु.’ आणि ‘खु.’ एवढ्या अक्षरांवर भागते. बुद्रुक म्हणजे मोठे आणि खुर्द म्हणजे लहान हा अर्थ गावातले शाळकरी पोरही सांगते. परंतु मोठे ते कोणाहून, कशाने आणि कोणत्या काळी, हा प्रश्न विचारला की या दोन शब्दांमागे दडलेला गावाच्या वाटणीचा, वतनाचा आणि दफ्तराच्या भाषेचा इतिहास उलगडू लागतो.

दोन्ही शब्द मूळचे फारसी आहेत. थोर, मोठा किंवा वडीलधारा या अर्थाचा ‘बुजुर्ग’ हा शब्द मराठी जिभेवर घोळून ‘बुद्रुक’ झाला, तर लहान या अर्थाचा ‘खुर्द’ जवळजवळ होता तसाच राहिला. यांपैकी पहिल्याचे कुळ फार जुने आहे. इराणचा सम्राट दारयवहु याच्या बेहिस्तून येथील शिलालेखात, म्हणजे इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या अखेरीस, राजाला लावलेले ‘वझ्रक’ हे विशेषण याच शब्दाचे पूर्वरूप होय. राजाधिराजाच्या बिरुदातला शब्द बालाघाटाच्या डोंगररांगेतल्या ज्वारी-तुरीच्या शिवारापर्यंत येऊन पोचावा, ही शब्दांच्या प्रवासातली विलक्षण गोष्ट आहे.

हा शब्द येथवर आला तो राज्यकारभाराच्या वाटेने. चौदाव्या शतकाच्या मध्यापासून हा मुलूख बहामनी राज्यात होता, आणि ते राज्य फुटल्यावर नळदुर्ग विजापूरच्या आदिलशाहीकडे, तर परांडा अहमदनगरच्या निजामशाहीकडे गेला. या सर्व दरबारांची भाषा फारसी असली, तरी गावपातळीवरचा हिशेब कुलकर्ण्याच्या हाती, मोडी लिपीत आणि मराठीत चाले. सोळाव्या शतकात विजापूरच्या पहिल्या इब्राहिम आदिलशहाने वसुलीचे हिशेब फारसीऐवजी देशी भाषेत ठेवण्याची व्यवस्था केली, अशी नोंद फिरिश्ता या इतिहासकाराने केली आहे. त्यामुळे वाक्य मराठी आणि संज्ञा फारसी-अरबी अशी एक दफ्तरी भाषा घडत गेली. ‘मौजे’ म्हणजे वसुलीसाठी धरलेले खेडे, ‘कसबा’ म्हणजे पेठ व अंमलदार असलेले मोठे गाव, ‘परगणा’ म्हणजे अशा गावांचा समूह, हे शब्द ज्या लेखणीतून उतरले त्याच लेखणीतून बुद्रुक आणि खुर्दही उतरले. पुढे शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंतांनी ‘राज्यव्यवहारकोश’ रचून दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. तथापि गावनावांना चिकटलेले हे दोन शब्द मराठी राज्यातही तसेच चालू राहिले, कारण नाव बदलणे म्हणजे सनदा, महजर आणि वहिवाट यांचा धागा तोडणे होते.

येथे व्याकरणाचा एक मुद्दा ध्यानात घ्यावा लागतो. संस्कृतात तुलना दाखवण्यासाठी विशेषणाला ‘तर’ आणि ‘तम’ हे प्रत्यय लागतात, आणि त्यांच्याच जोडीतून ‘तारतम्य’ हा शब्द सिद्ध झाला. मराठीने हे प्रत्यय उच्चतर, लघुतम अशा उसन्या शब्दांपुरतेच ठेवले. बोलीत विशेषण जसेच्या तसे राहते आणि तुलनेचा भार ‘हून’, ‘पेक्षा’ किंवा खेड्यातल्या ‘परास’ या शब्दयोगी अव्ययावर पडतो. गावनावात मात्र असे अव्यय नसते, आणि तरीही तुलना पूर्ण होते, कारण ती जोडीतच आहे. मराठी घरात ‘थोरला’ म्हटले की कुठेतरी ‘धाकटा’ असलाच पाहिजे, तसेच बुद्रुक म्हटले की खुर्द गृहीत धरला जातो. अनेक ठिकाणी जोडीतले एक गाव उठून गेले किंवा दुसऱ्या नावाने ओळखले जाऊ लागले, तरी उरलेल्याच्या नावात ती तुलना एकटीच उभी राहते.

गावे दुभंगण्याची कारणे निरनिराळी होती. कोठे पाटीलकीच्या वतनाची थोरल्या आणि धाकट्या पातीत वाटणी झाली, म्हणजे भाऊबंदांच्या शाखांनी मान व उत्पन्न वेगळे केले. कोठे ओढ्यापलीकडची जमीन कसणाऱ्यांनी तिकडेच वस्ती केली. तर कोठे दुष्काळात ओस पडलेले गाव पुन्हा वसताना दोन जागी वसले. वेगळ्या झालेल्या वस्तीला स्वतःची ‘पांढरी’, म्हणजे घरे उभी राहतात ती गावठाणाची जमीन, आणि स्वतःची ‘काळी’, म्हणजे पिकाऊ शिवार, मिळाले आणि तिची शीव ठरली की ते स्वतंत्र मौजे होई. म्हणूनच खुर्द हे बुद्रुकाच्या ताब्यातले उपगाव समजणे चूक आहे. वाडीचे तसे नसते; ती पुष्कळदा मूळ गावाच्या शिवारातच राहते.

ही तुलना कायमची गोठलेली आहे, हे तिचे सर्वांत महत्त्वाचे वैशिष्ट्य मानावे लागेल. नाव पडले त्या वेळचा लहानमोठेपणा त्यात नोंदला गेला, आणि नंतर सडक, बाजार किंवा पाणी खुर्दाच्या बाजूला येऊन ते कितीही वाढले तरी नाव बदलले नाही. पुण्यातील कोंढवा खुर्द आणि कोंढवा बुद्रुक ही दोन्ही गावे शहराच्या वस्तीत मिसळून गेली, तरी पाटीवर जुनाच क्रम टिकून आहे. शेजारच्या भाषांनी हीच गरज आपापल्या शब्दांनी भागवली: कन्नड मुलखात ‘हिरे’ आणि ‘चिक्क’, तेलुगू मुलखात ‘पेद्द’ आणि ‘चिन्न’, उत्तर हिंदुस्थानात ‘कलां’ आणि ‘खुर्द’. मराठीजवळ थोरले-धाकटे हे घरचे शब्द असूनही गावांसाठी दफ्तरी जोडीच रूढ झाली, यावरून गावाचे नाव ठरवण्यात वसुली कागदाचा वाटा किती मोठा होता हे दिसते.

१८५३ मध्ये हा जिल्हा निजामाने इंग्रजांच्या हवाली केला, १८६० मध्ये तो परत हैदराबाद संस्थानात गेला, सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, आणि २०२३ मध्ये उस्मानाबादचे धाराशिव झाले. जिल्ह्याचे नाव राज्यकर्त्यांच्या इच्छेने पडले आणि बदललेही; खेड्यांच्या बुद्रुक-खुर्दाला मात्र कोणी हात लावला नाही, आणि लावूही नये, कारण कोणत्या गावाची कोणाशी सोयरीक होती हे सांगणारा तो बहुधा एकमेव उरलेला पुरावा असतो.

याच जिल्ह्यात गावे दुभंगण्याची एक दारुण वेळ अलीकडच्या काळातही आली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली, त्यांत आजच्या लोहारा तालुक्यातील सास्तूरही होते. या वेळी कोणालाही बुद्रुक किंवा खुर्द म्हटले गेले नाही. शेते जुन्या शिवारातच राहिल्याने सातबाऱ्यावरचे नाव पूर्वीचेच चालले, आणि पडक्या गावठाणाला लोक नुसते ‘जुने गाव’ म्हणू लागले.