मुंबईची कलाशाळा आणि सिंधचे कुंभार

महाराष्ट्रात मडकी घडवण्याची विद्या शतकानुशतके कुंभाराच्या अंगणातच राहिली. ती बापाकडून मुलाकडे, सासूकडून सुनेकडे गेली आणि घराबाहेरच्या माणसाला ती शिकवावी अशी गरज कोणाला भासली नाही. मुंबईत ही स्थिती १८७०च्या दशकात पालटली. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या आणि १८५७ साली सुरू झालेल्या कलाशाळेत १८६५ साली जॉन लॉकवुड किपलिंग हे वास्तुशिल्पाचे अध्यापक म्हणून आले, आणि त्यांच्या हाताखाली विद्यार्थी ओल्या मातीत आकृतीचे नमुने घडवू लागले. पण माती घडवणे निराळे आणि ती भाजून तिच्यावर रंग टिकवणे निराळे, आणि या दुसऱ्या विद्येसाठी शाळेला कुंभारांकडेच जावे लागले.

इकडच्या कुंभाराची भांडी बहुधा बिनझिलईची असत. झिलई म्हणजे भट्टीत वितळून भांड्यावर बसणारा काचेचा पातळ थर. तो नसल्यामुळेच माठाच्या अंगातून पाणी पाझरते आणि आतले पाणी गार राहते, म्हणजे ही उणीव नसून त्या भांड्याचा गुणच होता. झिलईची जुनी परंपरा होती ती सिंधमध्ये, हाला आणि ठठ्ठा या गावांत, आणि सिंध प्रांत तेव्हा मुंबई इलाख्यातच मोडत असे. कलाशाळेचे अधीक्षक जॉर्ज विल्किन्स टेरी यांनी तिथले कुंभार मुंबईला आणवले व त्यांच्या कसबावर ‘वंडरलँड आर्ट पॉटरी’ या नावाने ओळखली जाणारी कार्यशाळा उभी केली.

सिंधी पद्धतीत तांबूस भांड्यावर आधी पांढऱ्या मातीचे अस्तर दिले जाई, म्हणजे वरचे रंग उजळ दिसत. मग कागदावर काढलेल्या नक्षीच्या रेषांवर सुईने बारीक छिद्रे पाडून तो कागद भांड्यावर धरीत आणि त्यावरून कोळशाची पूड फिरवीत. कागद उचलला की काळ्या ठिपक्यांची नक्षी उमटलेली असे व तिच्यावरून कुंचला चाले. इथवरचे काम चित्रकलेच्या विद्यार्थ्याला सहज समजण्याजोगे होते. खरी अडचण पुढे होती, कारण कुंचल्यातला रंग आणि भट्टीतून निघणारा रंग एक नसतो: तांब्याची भाजलेली पूड लावताना काळी दिसते, पण शिशाच्या झिलईखाली ती हिरवी होते आणि खाराच्या झिलईखाली फिरोजी. हे ज्ञान फळ्यावर लिहून देण्यासारखे नव्हते. भट्टी किती तापली हे ज्वाळेच्या रंगावरून ओळखणाऱ्या माणसाशेजारी उभे राहूनच ते मिळत असे.

याच सुमारास, १८७२पासून, जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली शाळेचे विद्यार्थी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करीत होते, आणि तिथल्या आकृती व वेलबुट्ट्या सिंधी झिलईच्या फुलदाण्यांवर आणि थाळ्यांवर उतरल्या. जॉर्ज बर्डवुड यांनी १८८० साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय कारागिरीवरील ग्रंथात मुंबईच्या या कामाची दखल घेतली आहे. अजिंठ्याची रेषा आणि सिंधची झिलई यांचा मेळ ही या कार्यशाळेची अस्सल कमाई होय, मात्र तिचे श्रेय वाटताना न्याय झाला नाही. शाळेने विद्यार्थ्यांना आकृतिबंध दिले, पण माती, खार आणि आच यांचे गणित कुंभारांनी दिले; ते खरे गुरू असूनही इतिहासात ‘सिंधचे कारागीर’ एवढ्याच उल्लेखाने उरले.

पुढे सेसिल बर्न्स यांच्या प्राचार्यपदाच्या काळात शाळेतील मातीकामाला रसायनशास्त्राची जोड मिळाली आणि प्रयोगशाळेत झिलईचे प्रयोग होऊ लागले. टेरी यांच्या काळातील भांडी आज भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात पाहायला मिळतात. अशा भांड्यांवर शाळेचे नाव आढळते, घडवणाऱ्याचे नाव मात्र क्वचितच.