सरावपाठ (प्राथमिक विज्ञान)

भावी शिक्षकाने प्रत्यक्ष वर्गावर, मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली घेतलेला पाठ. बारावीनंतरच्या दोन वर्षांच्या डी.एल.एड. अभ्यासक्रमात सरावपाठांना आंतरवासितेची, म्हणजे शाळेत सलग राहून मिळवलेल्या अनुभवाची जोड असते.

महाराष्ट्रात तिसरी ते पाचवीचे विज्ञान ‘परिसर अभ्यास’ या विषयातून शिकवले जाते. म्हणून गावाची माहिती ही छात्राध्यापकाची पहिली तयारी. खुलताबाद तालुक्यात वेरूळची लेणी ज्या बेसाल्टमध्ये कोरली आहेत, तोच काळा दगड शिवारात पायाखाली असतो. खडकांच्या पाठाला विकतच्या नमुन्यांची पेटी लागत नाही.

खरा कस पाठटाचणाबाहेर लागतो. बाष्पीभवनाच्या पाठात स्टीलच्या ताटलीतले पाणी आटले, की काही मुले ते ‘ताटलीत मुरले’ म्हणतात. नवखा छात्राध्यापक व्याख्या सांगून मोकळा होतो. ‘मुरले असेल, तर कोरड्या ताटलीचे वजन वाढायला हवे ना?’ असे विचारून तराजू पुढे करणारा विज्ञान शिकवतो. मार्गदर्शकांनी गुण देताना फलकलेखन आणि तक्त्यांपेक्षा या प्रश्नाला अधिक वजन द्यायला हवे.